टॅब पालथा कशासाठी घालायचा?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ६२ वर्षांच्या असून सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आहेत. घरी पती, मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू आहे. परगावी राहणाऱ्या मुलीने त्यांना टॅब घेऊन दिला आणि त्यात ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा कोड्यांचा खेळ घालून दिला. तो पूर्ण झाल्यावर त्यांनी त्याचा दुसरा भाग खेळला, मग ‘मशिनेरियम’ सुरू केला. आता रात्रीच्या जेवणानंतर दीड-दोन तास त्या टॅब घेऊन बसतात आणि क्वचित बाराही वाजतात. पती म्हणतात, ‘शेजारी बसलेली असतेस, पण लक्ष कुठे असतं तुझं?’ नातवाला मोबाईल नाकारला की तो आजीचे उदाहरण देतो आणि सुनेची पंचाईत होते. भिशीतल्या मैत्रिणींनी थट्टा केल्यापासून खोलीत कोणी आले की त्या टॅब पालथा घालतात किंवा घाईघाईने कीर्तनाचा व्हिडिओ लावतात. कोडे अडले की इंटरनेटवर उत्तर शोधतात आणि त्याचीही टोचणी लागते. त्या विचारतात, ‘हे व्यसन आहे का? बंद करावे का? की मेंदूला व्यायाम होतो म्हणून चालू ठेवले तर चालेल?’

ताई, सप्रेम नमस्कार.

व्यसनाचा प्रश्न आधी हातावेगळा करू, कारण तो शब्द एकदा मनात घुसला की बाकी काही नीट दिसेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत केली आणि ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात व्हिडिओ गेमच्या विकाराला स्वतंत्र नोंद आहे. त्या नोंदीनुसार खेळण्यावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, जगण्यातल्या इतर गोष्टी खेळापुढे मागे पडत गेलेल्या असाव्या लागतात, नुकसान डोळ्यांना दिसत असूनही खेळणे थांबत नाही अशी अवस्था असावी लागते, आणि हे सारे इतके तीव्र असावे लागते की घर, काम आणि नाती यांची घडी विस्कटते; तेही साधारणपणे बारा महिने. तुमच्या पत्रातच तुम्ही लिहिले आहे की सकाळचे फिरणे चुकलेले नाही, महिला मंडळाचा हिशेब तुमच्याकडेच आहे, आणि नातवाचा अभ्यास तुम्हीच घेता. दीड-दोन तास आणि एखाद्या रात्रीचे जागरण याला व्यसन म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. उद्या चित्र बदलले, झोप रोजच मोडू लागली किंवा टॅब हाती नसला की चिडचिड होऊ लागली, तर जरूर डॉक्टरांशी बोला. आज ती वेळ नाही.

तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळी आहे. टॅब पालथा घालणे. ओघाओघात तुम्ही असेही लिहिले आहे की पती रोज सकाळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवतात आणि ते संपेपर्यंत त्यांना कोणी हाक मारायची नाही, असा घरात अलिखित नियम आहे. त्या शब्दकोड्याने घराला काय मिळते, हे आजवर कोणी विचारलेले नाही, आणि विचारूही नये. मग तुमच्या कोड्याला मात्र आधी उपयोगाचा दाखला का आणावा लागतो? एकाचे कोडे कागदावर छापलेले आहे आणि दुसरे काचेवर हलते, एवढ्या फरकासाठी कीर्तनकारांना मध्ये आणण्याची गरज नाही.

म्हणूनच ‘मेंदूला व्यायाम’ हे कारण तुम्ही पुढे करू नये, असे मला वाटते. एक तर त्याचा पाया कच्चा आहे. एखादा खेळ खेळत राहिले की माणूस त्या खेळात तरबेज होतो, हे खरे. पण त्यामुळे रोजच्या व्यवहारातली स्मरणशक्ती सुधारते किंवा विस्मरणाचा आजार टळतो, असे म्हणायला भक्कम आधार लागतो. मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’ या प्रसिद्ध अमेरिकी सेवेच्या कंपनीला तिथल्या व्यापार आयोगाने याच मुद्द्यावर धरले होते, आणि जाहिरातींतील दावे दिशाभूल करणारे असल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये त्या कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. दुसरे असे की उपयोगाची सबब सांगून मिळवलेली परवानगी फार तकलादू असते. उद्या कोणी म्हणाले की मेंदूला व्यायामच हवा तर बँकेच्या पासबुकाच्या बेरजा करत बस, तर तुमच्याकडे उत्तर उरणार नाही. तुम्हाला हे खेळ आवडतात. तेवढे कारण पुरेसे आहे, आणि ते न लाजता सांगता यावे.

का आवडतात, याचा विचार मात्र तुम्ही केलेला दिसत नाही, आणि तो केलात तर पुढचे निर्णय सोपे होतील. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा लंडनच्या एका छोट्या चमूने २०१४ मध्ये काढलेला खेळ. त्यातली आयडा नावाची पांढऱ्या पोशाखातली, टोकदार टोपीची राजकन्या आपण बोट ठेवू तिथे चालत जाते. वाटेत दांडा असतो, तो फिरवला की अख्खा मनोरा वळतो, आणि जे दोन कठडे एकमेकांपासून कोसभर दूर वाटत होते ते एका ठरावीक कोनात जुळलेले दिसतात. जुळलेले दिसले की खेळाच्या जगात ते खरोखरच जुळतात, आणि आयडा शांतपणे एकावरून दुसऱ्यावर जाते. ही किमया साधते ती चित्र काढण्याच्या पद्धतीमुळे. या पद्धतीत दूरची वस्तू लहान होत नाही. पुढची पायरी आणि मागची पायरी एकाच मापाची दिसते, त्यामुळे खोलीचा अंदाज चुकवता येतो. डच चित्रकार एशर यांनी कागदावर असे अशक्य जिने आणि वर चढणारे पाणी रेखाटले होते. १९६१ मधला त्यांचा ‘धबधबा’ तर जगभर माहीत आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना नकाशाला कुठे ना कुठे खोटे बोलावेच लागते, हे वर्गात समजावून सांगण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हा खेळ आवडला नसता तरच नवल. (नावाचे म्हणाल तर अमेरिकेतल्या ॲरिझोना आणि युटा राज्यांच्या सीमेवरच्या याच नावाच्या खोऱ्यातल्या तांबड्या सुळक्यांचा खेळाशी काही संबंध नाही, हे तुम्ही केव्हाच ताडले असेल.)

आता त्या खेळात काय नाही, ते पाहा. घड्याळ नाही. गुण नाहीत. आयडा कड्यावरून पडत नाही आणि कोणी तिला मारत नाही. काळे कावळे वाट अडवून कावकाव करतात, तेवढेच. चुकीचा दांडा फिरवला तर उलटा फिरवायचा. पहिल्या भागात दहा प्रकरणे आहेत आणि ती संपली की मूळ खेळ संपतो. पुढे काढलेली जादा प्रकरणे हवी असतील तरच घ्यायची. निवृत्तीनंतर माणसाला नेमके असे काही हवे असते, असा माझा कयास आहे: कोणी परीक्षा घेत नाही, पण डोके चालवावे लागते; घाई नाही, पण पुढे जाता येते. तुम्ही लिहिले आहे की तीस वर्षे नकाशे शिकवले, पण स्वतः फिरायचे राहून गेले, आणि आता गुडघे जिना चढू देत नाहीत. नवी जागा कोपऱ्याकोपऱ्याने उलगडत जाण्याचे सुख या खेळांत आहे, आणि ते खोटे सुख आहे असे मी म्हणणार नाही. फक्त एवढे विचारीन की गुडघ्यांना झेपेल असा एखादा खरा प्रवास केवळ आळसाने राहून जात नाही ना? तसे असेल तर त्याचीही तजवीज करा. एकासाठी दुसरे सोडण्याचे कारण नाही.

उत्तरे पाहण्याबद्दलच्या टोचणीचे मला हसू आले, कारण तुम्ही ज्या खेळात अडकला आहात त्याच्या कर्त्यांनी हे आधीच ओळखले होते. ‘मशिनेरियम’ हा चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइन या चमूचा २००९ मधला खेळ आहे. त्यातला छोटा यंत्रमानव कोणाशी शब्दाने बोलत नाही, सारे संवाद डोक्यावरच्या फुग्यातल्या चित्रांनी होतात. त्यामुळे भाषेचा अडसर येत नाही. वरच्या कोपऱ्यात एक दिवा आहे, तो दाबला की त्या दृश्यातले उद्दिष्ट सूचित होते. शेजारी कुलूपबंद पुस्तक आहे आणि त्यात त्या दृश्याचे पूर्ण उत्तर चित्रांनी मांडलेले आहे. मात्र ते उघडायचे तर आधी किल्ली उडवत, कोळ्यांना चुकवत एक बारीकसा खेळ जिंकावा लागतो. म्हणजे उत्तर पाहायला मनाई नाही, थोडे थांबायला लावले आहे एवढेच. त्याच धर्तीवर स्वतःपुरता नियम करा. अडलात की टॅब ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा; तेव्हाही सुटले नाही तर दिवा, मग पुस्तक, आणि इंटरनेट सर्वांत शेवटी. इंटरनेटवरचा व्हिडिओ एका कोड्याचे उत्तर देता देता पुढच्या तिन्हींची उत्तरे सांगून मोकळा होतो, ही खरी अडचण आहे. त्यात पापपुण्याचा प्रश्न नाही.

एक वहीही करा. १९९३ मध्ये रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकी भावांनी ‘मिस्ट’ नावाचा खेळ काढला. निर्मनुष्य बेटावर आपण एकटेच, शत्रू नाही, घाई नाही. यंत्रे, खुणा आणि जुन्या पुस्तकांतले मजकूर जुळवत वाट काढायची. त्याच्या खोक्यात खेळणाऱ्याने टिपणे काढावीत म्हणून कोरी वही घातलेली असे, आणि तो खेळ पुढे कित्येक वर्षे संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ ठरला. शांतपणे फिरत कोडी सोडवण्याच्या ज्या परंपरेतले खेळ आज तुमच्या टॅबवर आहेत, तिच्या मुळाशी तो आहे. वहीत चिन्हे, आकृत्या, बंद दारे यांची नोंद केली की रात्री अंथरुणात ‘आता पाचच मिनिटे’ म्हणत पुन्हा टॅब उघडण्याची ओढही कमी होते, कारण अर्धवट राहिलेला विचार कागदावर सुरक्षित असतो.

आता यजमानांकडे वळू. त्यांचे वाक्य तुम्ही खेळावरची टीका म्हणून वाचले आहे. मी ते तीन-चार वेळा वाचले आणि मला त्यात खेळाविषयी काहीच सापडले नाही. ‘लक्ष कुठे असतं तुझं’ हे वाक्य ज्याला सोबत हवी आहे, तो माणूस बोलतो. पूर्वी जेवणे झाल्यावर तुम्ही दोघे अंगणात खुर्च्या टाकून बसत होता, असे तुम्हीच लिहिले आहे. ती वेळ आता टॅबने घेतली आहे. माझा अंदाज चुकत असेल तर सोडून द्या. पण बरोबर असेल तर उपाय खेळ बंद करण्याचा नसून वेळ हलवण्याचा आहे. दुपारी साडेतीन-चारला, ते वामकुक्षी घेतात आणि नातू शाळेतून यायचा असतो, तेव्हा तास-दीड तास उघडपणे दिवाणखान्यात बसून खेळा आणि रात्रीच्या खुर्च्या पुन्हा अंगणात जाऊ द्या. त्याने जागरणाचा प्रश्नही आपोआप सुटेल, आणि डोळ्यांसाठीही दिवसाचा उजेड बरा.

यजमानांच्या मनात आणखी एक भीती असू शकते, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. ‘ऑनलाइन गेम’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे येतात त्या रमीत आणि पैशांच्या पैजांत कर्जबाजारी झालेल्यांच्या बातम्या. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, ती याच कारणाने. तुमचे खेळ त्या जातकुळीतले नाहीत: एकदा किंमत मोजली की संपले, त्यात पैसे पणाला लावावे लागत नाहीत आणि मिळतही नाहीत. हे त्यांना समजावून सांगण्यापेक्षा दाखवा. त्यासाठी मी ‘ओल्ड मॅन्स जर्नी’ हा व्हिएन्नाच्या ब्रोकन रूल्स या चमूचा २०१७ मधला खेळ सुचवीन. एका म्हाताऱ्याला पत्र येते आणि तो पाठीवर बोचके टाकून निघतो. आपण डोंगरांच्या रेषा बोटाने वरखाली ओढायच्या. दोन उतार जिथे एकमेकांना छेदतात तिथून तो पलीकडच्या डोंगरावर जातो. तो ज्या उतारावर उभा असतो तो मात्र हलवता येत नाही, आणि कोड्याची सारी गंमत त्यातच आहे. संवाद नाहीत, म्हातारा टेकायला बसला की तरुणपणीचे एखादे रंगीत चित्र उलगडते. दोन संध्याकाळी पुरतील एवढाच तो आहे. गोष्ट हळवी आहे, हे आधी सांगून ठेवते. बोट त्यांना फिरवू द्या आणि तुम्ही वाट सुचवा, म्हणजे ‘मला ते जमत नाही’ ही सबब राहणार नाही. त्यांना रस वाटला नाही तर मात्र पुन्हा आग्रह करू नका. शब्दकोड्यातले तीन अक्षरी आडवे शब्द तुम्हालाही कुठे आवडतात?

नातवाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण मुलाचे म्हणणे तर्काला धरून आहे. आजी खेळते आणि मी का नाही, याचे उत्तर ‘मी मोठी आहे’ असे दिले तर तो मोठा होण्याची वाट पाहील, एवढेच. सुनेला एकटीला लढायला लावू नका. दोघी बसून घराचा एकच नियम ठरवा आणि तो सर्वांना लागू करा: जेवताना पडदा नाही, झोपण्यापूर्वी तासभर नाही, आणि खेळ कोणता हे मोठ्यांनी पाहिल्याशिवाय उतरवायचा नाही. रात्रीचा टॅब बंद करून तुम्ही या नियमाची पहिली किंमत स्वतः मोजलीत, तर सुनेच्या शब्दाला वजन येईल. मग आठवड्यातून एकदा त्याला शेजारी घेऊन एखादे प्रकरण सोडवा.

त्याच वेळी त्याला, आणि खरे तर या सदराच्या सर्वच वाचकांना, खेळाची पारख शिकवता येईल. फुकट मिळणारे कित्येक कोड्यांचे खेळ वरवर पाहता याच घरातले वाटतात: गोड रंग, मंद संगीत, एकसारखी फळे जुळवायची. पण चार वेळा हरलात की ‘जीव’ संपतात आणि अर्धा तास थांबा किंवा पैसे द्या, असा फलक येतो; रोज आला नाहीत तर बक्षिसांची साखळी तुटते; मध्येच जाहिरात आणि रात्री दहाला ‘तुमची आठवण येते’ असा संदेश. अशा खेळाला शेवट नसतो, आणि तो नसण्यावरच त्याचा धंदा चालतो. निवांत खेळ ओळखायचा तर मी पहिल्यांदा हेच पाहते की तो कधी संपतो का, आणि मध्येच सोडून चार दिवसांनी आले तर काही गमावते का. पैसे मोजून घेतलेला, संपणारा आणि रुसवेफुगवे न करणारा खेळ आधी महाग वाटतो खरा. फुकटचा खेळ किती महाग पडला, ते महिन्याच्या शेवटी कळते.

भिशीतल्या मैत्रिणींना उत्तर देण्याच्या फंदात पडू नका. पुढच्या वेळी टॅब पिशवीत घेऊन जा आणि चहा येईपर्यंत त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हातात आयडा द्या. एकजण तरी दांडा फिरवून पाहीलच.

‘मशिनेरियम’ संपल्यावर पुढे काय, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. ज्या खेळांत आपण पात्राच्याच डोळ्यांनी पाहत चालतो, ते तूर्त टाळा. मान वळवली की सारे दृश्य फिरते आणि पुष्कळांना त्याने गरगरते. दिवाळीत मुलगी लॅपटॉप घेऊन येईल तेव्हा तिच्याकडून ‘अ शॉर्ट हाइक’ घालून घ्या. कॅनडाच्या ॲडम रॉबिन्सन-यू यांनी २०१९ मध्ये काढलेला हा खेळ आहे. क्लेअर नावाची पक्षीण सुट्टीसाठी डोंगराळ बेटावर आली आहे, तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट आहे, आणि रेंज मिळते फक्त शिखरावर. सोनेरी पिसे गोळा केली की जास्त उंच चढता आणि उडता येते. पण वाटेत मासे धरणारे, हरवलेली वस्तू शोधणारे, शर्यत लावणारे इतके भेटतात की चढाई बाजूलाच राहते, आणि त्याबद्दल कोणी रागावत नाही. बटणे दोन हातांनी दाबावी लागतात, त्यामुळे पहिला अर्धा तास बोटे अडखळतील. तेवढ्यापुरते मुलीला शेजारी बसवून घ्या, आणि पुढचा डोंगर तुमचा तुम्ही चढा.